कोंबडीच्या वजनाचा हिशेब

मीरा-भाईंदरच्या सिल्व्हर पार्कमधील गृहिणी दुकानात कोंबडीचा भाव विचारते. ती काय खाऊन वाढली हे विचारण्याची सोय तिला नाही. १९५० च्या सुमारास अमेरिकेतील लेडर्ले कंपनीच्या शास्त्रज्ञांना आढळले की, ऑरिओमायसिन काढून घेतल्यावर उरणारा चोथा चारल्यास पिले झपाट्याने वाढतात. तेव्हापासून रोग नसतानाही प्रतिजैविके खाद्यात पडू लागली. कमी खाद्यात अधिक मांस, एवढेच त्यामागचे अर्थशास्त्र!

कोलिस्टिन हे तर इतर औषधे हरल्यावर माणसाला द्यावयाचे औषध. त्याला दाद न देण्याचा गुण एका जीवाणूकडून दुसऱ्याकडे नेणारे जनुक चीनमध्ये सापडल्याचे २०१५ साली जाहीर झाले. भारत सरकारने पशुखाद्यातील त्याच्या वापरावर बंदी घातली ती जुलै २०१९ मध्ये. युरोपीय संघाने वाढीसाठी प्रतिजैविके चारणे २००६ च्या आरंभीच बंद केले होते.

पण जाब कोणाला विचारावयाचा? कंत्राटी कुक्कुटपालनात पिले कंपनीची, खाद्य कंपनीचे, औषधही कंपनीचेच. शेड, वीज, पाणी आणि घाम तेवढा शेतकऱ्याचा. त्याची मजुरी (तिला ‘संगोपन शुल्क’ असे भारदस्त नाव आहे) किती खाद्यात किती वजन भरले यावर ठरते. औषधाला न जुमानणाऱ्या आजाराचा खर्च मात्र कोणत्याच कंपनीच्या ताळेबंदात दिसत नाही. तो रुग्णाच्या घरावर पडतो. म्हणून तपासणी शेतकऱ्याच्या शेडपाशी नव्हे, खाद्याच्या कारखान्यात सुरू झाली पाहिजे आणि पोत्यावर प्रत्येक घटक मराठीत छापला गेला पाहिजे.