कीर्ति आणि मुक्ति
(महोत्सवसभेंतील भाषण)



धर्मग्रामाच्या ह्या मंगलप्रसंगीं चित्रपटाविषयीं बोलणें कित्येकांस अप्रस्तुत वाटेल. परंतु ज्या कथेंत उपदेश नाहीं, तीही कधीं कधीं पश्चात्तापाचा धडा देऊन जाते. विन्सेंट मिनेली ह्यांनीं १९६२ सालीं दिग्दर्शित केलेला ‘टू वीक्स इन अनदर टाऊन’ हा अमेरिकन चित्रपट तसाच आहे.

त्याचा नायक जॅक अँड्रस हा एके काळचा नामांकित नट. ही भूमिका कर्क डग्लस ह्यांनीं केली आहे. मोटारीच्या अपघातानंतर मनानें खचून तो मनोरुग्णालयांत राहत असतां, जुना दिग्दर्शक क्रूगर त्यास रोमला बोलावितो. गेलेलें नांव परत मिळेल ह्या आशेनें जॅक तेथील चिनेचित्ता ह्या चित्रनगरींत येतो. पण भूमिका मिळत नाहीं. इतरांचे संवाद ध्वनिमुद्रित करवून घेण्याचें काम मात्र मिळतें, व तें तो पत्करतो. पुढें क्रूगरला हृदयविकाराचा झटका येतो, तेव्हां चित्रपट पुरा करण्याचा भार जॅकच उचलतो. फळ काय? ज्याच्यासाठीं राबला, तोच त्याच्यावर विश्वासघाताचा आरोप करतो.

जॅक पुन्हां घसरतो. पूर्वींच्या पत्नीस शेजारीं घेऊन बेभानपणें मोटार हांकतो. परंतु ह्या खेपेस तो सावरतो, आणि मोकळ्या मनानें स्वदेशीं परततो.

आम्हांस ह्यांत विचारणीय तें हें, कीं त्याची सुटका टाळ्यांनीं झाली नाहीं, क्रूगरच्या शाबासकीनेंही नाहीं. आपली किंमत दुसऱ्याच्या हातीं ठेवणें हेंच त्याचें दास्य होतें. मात्र जॅक एकट्याच्या बळावर उठतो. आम्हांस प्रायश्चित्तसंस्काराचा आधार आहे. प्रभूस तीनदां नाकारून रडलेले संत पेत्र त्याच रोम नगरींत विसावले आहेत, हें विसरून चालणार नाहीं.

लेवीय ग्रंथाप्रमाणें जुबिलीच्या वर्षीं दास मुक्त होई व आपल्या कुटुंबांत परत जाई. आमच्यांतही परमुलखांतून अपयश घेऊन आलेले, व्यसनानें खचलेले बांधव आहेत. त्यांच्याजवळ आम्ही जुनाच हिशेब मागत राहिलों, तर क्रूगरचीच भूमिका आम्ही करीत आहों. त्यांस मंदिरांत आपल्या शेजारीं जागा देणें, हीच खरी जुबिली. तशी बुद्धि प्रभु आम्हां सर्वांस देवो.