वहीसाठी मागितलेले अर्पण

(संस्थेच्या वार्षिक सहाय्यक मेळाव्यात केलेले भाषण)



दरवर्षी मी तुमच्यापुढे उभा राहतो आणि काहीतरी मागतो. कधी वसतिगृहाच्या छपरासाठी पत्रे मागितले, कधी ब्लँकेटे, कधी गर्भवती बायांना रुग्णालयात नेण्यासाठी जीप. तुम्ही कधी रिकाम्या हाताने परत पाठवले नाही. आज मागणी वेगळी आहे. मी वहीसाठी पैसे मागायला आलो आहे. हसू नका. ती कसली वही, हे सांगण्याआधी मला एक कबुली द्यायची आहे.

वीस वर्षांपूर्वी थिऑलॉजीचा डिप्लोमा घेऊन मी नवा नवा आदिवासी मुलांच्या वसतिगृहात अधीक्षक म्हणून रुजू झालो. पाचवीत एक मुलगा होता. थंडी सुरू झाली की तो सकाळी अंथरुणातून उठायचा नाही. "सर, पाय दुखतात," म्हणायचा. बाकीची मुले हातपंपावरून बादल्या भरून आणायची आणि हा कोपऱ्यात गुडघे पोटाशी घेऊन बसायचा. मला वाटले, पोरगा कामचुकार आहे. मी त्याला आळसावर चार शब्द सुनावले आणि त्याच्याकडून पाणी भरून घेतले, तेही थंडगार पाणी. एक दिवस त्याचे वडील आले आणि त्याला भगताकडे घेऊन गेले. तेव्हा मी अंधश्रद्धेवर बोललो. पण त्या बापाने निदान एवढे तरी मानले होते की पोराला दुखते आहे. मी तेवढेही मानले नव्हते.

दोन वर्षांनी शाळेत रक्ततपासणीचे शिबिर झाले. त्या मुलाला सिकलसेल आजार निघाला.

आपल्यातल्या काहींना हा आजार ठाऊक नसेल, म्हणून थोडक्यात सांगतो. आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशी गोल आणि मऊ असतात. या आजारात त्या विळ्यासारख्या वाकतात आणि ताठ होतात. मग बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि तिथे रक्त पोचत नाही. त्यातून हाडे फोडून काढावीत अशी वेदना उठते. थंडी, ताप, पाणी कमी पिणे, अतिश्रम यांनी ती वाढते. साधी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही विळ्यासारखी पेशी १० ते २० दिवसांत मरते. म्हणून अशी मुले पांढुरकी दिसतात आणि लवकर दमतात. हा संसर्गाचा रोग नाही, तो जन्मतः येतो. आई आणि वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. भारतात तो प्रथम १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींमध्ये आढळल्याचे नोंदले गेले. आपल्याकडे नंदुरबारपासून गडचिरोलीपर्यंतच्या पाड्यांमध्ये तो आहे.

आता संशोधनाकडे येतो. पेनिसिलिन १९२८ साली सापडले. पण सिकलसेलच्या लहान बाळांना ते रोज दिले तर न्यूमोकॉकस जंतूचा जीवघेणा संसर्ग ८४ टक्क्यांनी कमी होतो, हे सिद्ध झाले १९८६ साली. हायड्रॉक्सीयुरिया नावाचे रसायन १८६९ साली प्रथम तयार झाले. कर्करोगावर त्याची गोळी पुढे कित्येक वर्षे वापरात होती. ती सिकलसेलच्या वेदनेचे झटके जवळजवळ निम्म्यावर आणते, हे मोठ्या चाचणीतून दिसले १९९५ साली. म्हणजे औषधे दुकानात पडून होती. त्यांचा या रुग्णांना उपयोग होतो का, हे विचारायला इतकी वर्षे लागली.

असे का? जुन्या आणि स्वस्त औषधावर कंपनीला नफा नसतो, म्हणून ती चाचणीवर पैसे घालत नाही. मग उरतात दोघे : सरकार आणि दान देणारी माणसे. वर सांगितलेल्या दोन्ही चाचण्या अमेरिकेत सरकारी पैशावर झाल्या. पण दानाच्या पैशाने काय होते, हे पाहायचे तर तिथल्याच दुसऱ्या एका आजाराकडे पाहावे लागेल. त्याचे नाव सिस्टिक फायब्रोसिस. तोही जन्मतः येणारा आणि जन्मभर पुरणारा. त्यात फुप्फुसात चिकट कफ साचतो आणि मूल गुदमरत जाते. १९५५ साली अशा मुलांच्या आईवडिलांनी आणि काही डॉक्टरांनी मिळून एक धर्मादाय संस्था काढली, सिस्टिक फायब्रोसिस फाउंडेशन.

१९६४ साली या संस्थेने वॉरन वॉरविक नावाच्या बालरोगतज्ज्ञाला १० हजार डॉलर दिले. कशासाठी? नवे औषध शोधायला नव्हे. देशातल्या ३१ केंद्रांवर या आजाराची जितकी मुले येतात, त्यांची नोंद गोळा करायला. वहीसाठीच म्हणा ना! ती वही भरल्यावर दिसले की बहुतेक केंद्रांत मुले साधारण तीन वर्षांची होऊन मरत होती. पण क्लीव्हलंडमधल्या डॉ. लेरॉय मॅथ्यूज यांच्या केंद्रात हेच आयुष्य २१ वर्षांचे होते. औषधे सगळीकडे तीच. फरक होता तो लवकर सुरुवात करण्यात, छातीतला कफ नेटाने काढण्यात आणि एकाही मुलाला नजरेआड न करण्यात. मग इतरांनी तीच पद्धत उचलली. १९६६ पर्यंत त्या देशातल्या अशा मुलांचे सरासरी आयुर्मान १० वर्षांवर गेले, १९७२ पर्यंत १८ वर्षांवर. हे सगळे नवे औषध येण्याआधी, लिहून ठेवल्यामुळे.

पुढे हीच संस्था मोठी झाली. २००० साली तिने एका कंपनीला औषध शोधण्यासाठी सुमारे ४ कोटी डॉलर दिले आणि नंतरही देत राहिली. २०१२ साली आजाराच्या मुळाशी जाणारे पहिले औषध मंजूर झाले. २०१४ साली संस्थेने त्यावरचा आपला हक्क ३३० कोटी डॉलरला विकला आणि पुढच्या संशोधनाला पैसा उभा राहिला. पण एक गोष्ट लपवणार नाही. त्या औषधाची किंमत वर्षाला सुमारे ३ लाख डॉलर ठेवली गेली. म्हणून संशोधनाला दान देताना, त्याचे फळ गरिबाच्या हाती कसे पडेल, ही अट आधीच घालायला हवी. हा धडा मी त्यांच्याकडूनच घेतला.

आता दोन्ही आजार शेजारी ठेवू. अमेरिकेत सिस्टिक फायब्रोसिसचे रुग्ण सुमारे ३० हजार आणि सिकलसेलचे त्याच्या तिप्पट. २००८ ते २०१८ या काळाचा हिशोब तिथल्या संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केला. सरकारचा संशोधनावरचा खर्च सिस्टिक फायब्रोसिसच्या एका रुग्णामागे वर्षाला सरासरी २,८०७ डॉलर, सिकलसेलच्या एका रुग्णामागे ८१२. आणि धर्मादाय संस्थांचा खर्च? एकीकडे ७,६९० डॉलर, दुसरीकडे १०२.

सरकारने दुजाभाव केला तो साडेतीनपट. आपण, म्हणजे दान देणाऱ्या भल्या माणसांनी, केला तो पंचाहत्तरपट. तिथे एका आजाराचे रुग्ण बहुतेक गोरे आहेत आणि दुसऱ्याचे बहुतेक आफ्रिकी वंशाचे. दानाचा पैसा ओळखीच्या दारी जातो. ज्या मुलाच्या आईवडिलांना जेवणावळ घालून निधी जमवता येतो, त्याच्या आजारावर अभ्यास होतो.

योहानाच्या शुभवर्तमानातला बेथेस्दा तळ्याकाठचा माणूस आठवतो का? ३८ वर्षे तो पडून होता. पाणी कुठे आहे, हे त्याला दिसत होते. त्याची तक्रार पाण्याबद्दल नव्हती. पाणी हलते तेव्हा आपल्याला उचलून नेणारे कोणी नाही, एवढेच त्याचे म्हणणे होते. सिकलसेलचे आजवर असेच झाले आहे.

तुम्ही म्हणाल, आता तर सरकार करते आहे. खरे आहे आणि त्याबद्दल आभार मानले पाहिजेत. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी हे त्याचे उद्दिष्ट आहे. पण तपासणीने आजार कळतो. पुढची दहा वर्षे त्या मुलाला पाड्यावर जाऊन कोण पाहणार? आशाताई एकटी किती डोंगर चढणार? गोळी घेणारा ती मध्येच का सोडतो? ऊसतोडीला किंवा गुजरातेत मजुरीला गेलेल्या कुटुंबातल्या मुलाची गोळी कुठे थांबते? मुंबईच्या प्रयोगशाळेत बसून हे दिसणार नाही. आमच्या कार्यकर्त्यांना ते दिसते, कारण ते त्याच पाड्यांवर राहतात.

आणि इथेच माझी दुसरी कबुली. वसतिगृहातला तो मुलगा आज मोटारसायकली दुरुस्त करतो. लग्न झाले आहे, संसार चालला आहे. पण खुब्याच्या हाडाला रक्त न पोचल्याने सांधा झिजला आणि तो लंगडत चालतो. गेल्या दिवाळीत भेटला, सलाम केला आणि म्हणाला, "सर, ही गोळी मला शाळेत असतानाच मिळाली असती तर पाय वाचला असता का हो?" मी गप्प राहिलो. घरी आल्यावर कपाट उघडून कागद काढले. किती गोळ्या वाटल्या, कोणत्या तारखेला, किती रुपयांच्या, सगळा हिशोब चोख. लेखापरीक्षकाने सही केलेला. पण ज्याला गोळी दिली त्याचे पुढे काय झाले, शाळेत किती दिवस गेला, किती वेळा दवाखान्यात भरती झाला, याची एक ओळ नाही. आम्ही पैशाचा हिशोब ठेवला, लेकरांचा ठेवला नाही.

म्हणून माझी मागणी अशी. पुढची तीन वर्षे, तुमच्या अर्पणातल्या दर १०० रुपयांपैकी ५ रुपये या नोंदवहीसाठी आणि तिच्यावरून होणाऱ्या अभ्यासासाठी बाजूला काढू द्या. त्यातून पाड्यावरच्याच शिकलेल्या मुलामुलींना मानधन द्यायचे, रक्ताच्या नियमित तपासण्या करायच्या आणि वैद्यकीय महाविद्यालयातल्या जाणकार डॉक्टरांना सोबत घ्यायचे. चार अटी आम्ही स्वतःवर घातल्या आहेत. नैतिक समितीच्या मंजुरीशिवाय काही सुरू करायचे नाही. पावरी किंवा भिली बोलीत समजावून, कुटुंबाने होकार दिल्यावरच नाव लिहायचे आणि नाही म्हणणाऱ्यालाही गोळी तशीच मिळेल. नावे कुलुपात राहतील, कारण वाहक म्हटल्यावर मुलीचे लग्न मोडते, हे आम्ही पाहिले आहे. आणि जे कळेल ते सर्वात आधी त्याच पाड्यावर, त्यांच्याच बोलीत सांगायचे.

आमच्या समितीतल्या एका ज्येष्ठ काकांनी मला विचारले, "बाबा रे, आज भुकेला असलेल्याला भाकर द्यायची सोडून कागद कसला रंगवतोस?" काकांचा प्रश्न रास्त आहे. म्हणूनच भाकरीतला आणि गोळीतला एक रुपयाही इकडे वळणार नाही. प्रवास, छपाई आणि या मेळाव्याच्या जेवणाचा खर्च कमी करून हे ५ रुपये उभे राहतील. तसा ताळेबंद तुमच्या हाती दिला आहे, तो तपासा. पुढच्या वर्षी तुम्हाला ब्लँकेट घेतलेल्या आजीबाईचा फोटो मिळेल, तसा या कामाचा फोटो मिळणार नाही. एका तक्त्यातले काही आकडे मिळतील. त्यातला प्रत्येक आकडा एक लेकरू आहे, एवढे लक्षात ठेवून तो वाचा.

मार्कच्या शुभवर्तमानातली ती रक्तस्रावाची स्त्री बारा वर्षे वैद्यांकडे हिंडली, होते नव्हते ते खर्चून बसली आणि तिचे दुखणे वाढतच गेले. गर्दीत कोणाला तिचा पत्ताही नव्हता. पण प्रभू थांबला. मला कोणी स्पर्श केला, असे त्याने विचारले आणि ती सगळे खरे सांगेपर्यंत ऐकून घेतले. शिष्यांना वाटले, एवढ्या गर्दीत हे काय विचारणे. पण तो तिच्यासाठी थांबलाच.

वीस वर्षांपूर्वी एक मुलगा मला खरे सांगत होता आणि मी थांबलो नाही. आता थांबून, विचारून, लिहून घ्यायचे आहे. त्यासाठी तुमची साथ हवी. प्रभू आपल्या अर्पणाला आणि आपल्या घरादाराला आशीर्वाद देवो. आमेन.