घरच्या शाळेतलं सोळावं-सतरावं शतक

मुलाला घरीच शिकवणाऱ्या आईबाबांना इतिहास आणि साहित्य वेगवेगळे शिकवण्याची सक्ती नसते. या मोकळीकीचा फायदा जरूर घ्या.

एकच साल धरा, १६१६. त्या वर्षी इंग्लंडात शेक्सपिअर वारला, स्पेनमध्ये ‘डॉन किहोते’चा लेखक सर्व्हान्तेस वारला, आणि गोव्यात राशोलला फादर स्टीफन्स यांचं ‘ख्रिस्तपुराण’ छापलं गेलं. ओव्या मराठी, पण लिपी रोमन, कारण छापायला देवनागरी खिळे नव्हते. अशी एक ओळ रोमन अक्षरांत लिहून मुलापुढे ठेवा. अडखळत वाचताना ‘अरे, हे तर मराठी!’ हे त्याला स्वतःला कळू द्या. शेक्सपिअरसाठी दहा-अकराव्या वर्षी चार्ल्स आणि मेरी लॅम्ब यांच्या गोष्टी पुरेशा आहेत, मूळ नाटकांची घाई नको.

शिवकाळासाठी पुस्तक निवडताना आधी पाहा, कोणी लिहिलं आणि कधी. सभासद शिवरायांच्या काळातला माणूस. त्याने बखर लिहिली ती राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून, जिंजीला. चिटणिसांची बखर त्यानंतर शंभरहून अधिक वर्षांनी आली. दोन्हींतला अफझलखानाचा प्रसंग मुलाला शेजारीशेजारी वाचून दाखवा. फरक त्यालाच शोधू द्या. कादंबऱ्या त्यानंतर, आणि ‘ही कादंबरी आहे’ असं स्पष्ट सांगून.

जवळच्या ग्रंथालयात सभासदाची बखर मागा. पुस्तक लहानसंच आहे, या सुट्टीत वाचून होईल.