निजामाच्या मुलखातलं सोनं

सोन्याची खाण म्हटलं की मराठी घरांतही कोलारचंच नाव निघतं. पण हैदराबाद संस्थानाची स्वतःची खाण होती, रायचूर जिल्ह्यातली हट्टी. तिथल्या अतिप्राचीन, हिरवट खडकांच्या भेगांतून खोलवरचे उष्ण द्रव वर चढले आणि गारेच्या शिरांत सोनं साठलं. जुन्या काळच्या माणसांनी खडक आगीनं तापवून फोडला आणि ते शेकडो फूट खाली उतरले. तेही पंपाशिवाय! जवळच्या मस्कीला १९१५ मध्ये अशोकाचं नाव असलेला शिलालेख सापडला, तोही बीडन या खाण-अभियंत्यालाच. हट्टीची हैदराबाद गोल्ड माइन्स कंपनी १९४७ ची. १९५६ मध्ये रायचूर म्हैसूर राज्यात गेलं. कोलारची खाण २००१ मध्ये बंद पडली, हट्टीची मात्र त्यानंतरही चालू राहिली.