शितावरून भाताची परीक्षा

श्रोतेहो, भात शिजला की नाही हे पाहायला आपण पातेल्यातले एक शीत चेपून पाहतो. सारा भात काही कोणी चेपत बसत नाही. मग गणितातही चार-पाच उदाहरणे जमली, की नियम खरा मानायला हरकत काय? हरकत आहे. ती कोणती, हे एका दहा आकडी संख्येवरून सांगतो.

कागद-पेन्सिल घ्या आणि २ लिहा. २ चा वर्ग ४, ४ चा १६, १६ चा २५६ आणि २५६ चा ६५,५३६. आता या प्रत्येक संख्येत १ मिळवा. ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ अशा पाच संख्या आल्या. या पाचही मूळ संख्या आहेत. म्हणजे १ आणि ती संख्या स्वतः यांखेरीज कशानेही त्यांना पुरता भाग जात नाही.

पिएर द फर्मा हे फ्रान्समधल्या तुलूझच्या न्यायालयात काम करणारे थोर गणिती. ही रांग कितीही लांबवली तरी प्रत्येक संख्या मूळच निघेल, असे मत त्यांनी १६४० साली पत्रातून कळवले. सिद्धता मात्र दिली नाही. पाच शिते शिजलेली होती ना!

आता सहावे शीत. ६५,५३६ चा वर्ग करून १ मिळवला की येतात ४,२९,४९,६७,२९७; म्हणजे चार अब्ज एकोणतीस कोटी आणि वर आणखी काही लाख. ही संख्या मूळ आहे का? एकेक मूळ संख्या घेऊन भागून पाहावे म्हटले, तर ६५,५३६ पर्यंतच तशा साडेसहा हजारांवर आहेत. माणूस थकून जायचा!

१७३२ साली पंचवीस वर्षांच्या लेओनार्ड ऑयलरने दाखवून दिले, की हिला ६४१ ने भाग जातो. ६४१ गुणिले ६७,००,४१७ करा आणि स्वतःच खात्री करून घ्या. ऑयलरने पुढे हेही सिद्ध केले, की या संख्येला भागणारी मूळ संख्या ६४ च्या पटीहून १ ने अधिकच असली पाहिजे. अशा मूळ संख्या क्रमाने १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१. साडेसहा हजार भागाकारांचे काम पाचांवर आले! नुसते कष्ट नव्हे, विचार कामी आला.

शिक्षक बंधुभगिनींनो, हे उदाहरण फळ्यावर जरूर मांडा. एखाद्या मुलाने “गुरुजी, हा नियम नेहमीच खरा कशावरून?” असे विचारले, तर त्याला गप्प बसवू नका. गणिताची सुरुवात त्या प्रश्नातच आहे.

आणि जाता जाता एक सांगतो. त्या पाचांपुढे या रांगेत आजवर एकही मूळ संख्या सापडलेली नाही. पण म्हणून ‘पुढे एकही नाहीच’ असे म्हणायची घाई करू नका. तेही अजून कोणी सिद्ध केलेले नाही!