कलमाची विद्या



आम्ही मुलुंडहून आलो आहोत. मध्य रेल्वेवर मुलुंड हे मुंबईचे शेवटचे स्टेशन. त्यापुढे ठाणे लागते. १९५७ साली मुलुंड मुंबई महापालिकेत आले. आता तिथे जिकडेतिकडे इमारती. झाड लावायचे तर कुंडीत! असल्या ठिकाणचा माणूस आम्हांला बागेचे काय सांगणार, असे तुम्ही म्हणाल. खरे आहे. आम्ही आमची चूक सांगायला आलो आहोत.

आमचे मूळ गाव कोकणात. घरामागे थोडी जागा आहे. तिथे आम्ही हापूसचे एक कलम लावले. खड्डा खणला, शेणखत घातले, कुंपण केले. सुटीत गावी जायचे, झाडाला पाणी घालायचे आणि मुलुंडला परतायचे. झाड जोमाने वाढले. आम्हांला कोण आनंद!

आठ वर्षांनी फळ धरले. पिकल्यावर कापून पाहिले, तर आंबट आणि आत दोरेच दोरे. चक्क रायवळ! "कलमवाल्याने फसवले हो आम्हांला," असे आम्ही गावभर सांगत सुटलो.

शेजारची एक मुलगी नववीत शिकत होती. ती आली आणि झाडाशी खाली बसली. बुंध्यापाशी साचलेली माती तिने हाताने दूर केली. म्हणाली, "काका, ही बघा जुनी गाठ. इथं कलमाचा सांधा होता. सांध्यावरचा भाग केव्हाच वाळून गेलाय. हे झाड सांध्याखालच्या फुटव्याचं आहे. तो फुटवा तुम्ही वेळेवर खुडायला हवा होता."

म्हणजे कलम खरे होते. अडाणी आम्हीच होतो.

"हे तुला कोणी शिकवले?" आम्ही विचारले.

"शाळेत," ती म्हणाली.

आता कलम म्हणजे काय, ते नीट समजून घेऊ.

हापूसची कोय पेरली तर हापूसच येईल असे नाही. लेक आईसारखी निघेलच असे नाही, तसेच हे. शिवाय कोयीच्या झाडाला फळ यायला आठ-दहा वर्षे लागतात. कलमाला चार-पाच वर्षांत फळ येऊ लागते. आमच्या झाडाने आठ वर्षे घेतली. तेव्हाच आम्हांला शंका यायला हवी होती.

कोयकलम असे करतात. पावसाळ्याच्या तोंडाला रायवळ आंब्याच्या कोयी रुजवतात. रोप दोन-तीन आठवड्यांचे, कोवळे, तांबूस असते. ते चार बोटे उंचीवर छाटतात. छाटलेल्या टोकाला मधोमध चीर देतात. या रोपाला खुंट म्हणतात. मग चांगल्या हापूसच्या झाडाची, खुंटाएवढ्याच जाडीची काडी घेतात. तिचे टोक पाचरीसारखे तासतात आणि चिरेत बसवतात. वरून प्लॅस्टिकची पट्टी घट्ट बांधतात. दोघे एकजीव झाले, की काडीला पालवी फुटते.

मूळ रायवळाचे, वरचे झाड हापूसचे. पण रायवळ राकट. त्यालाही खालून फुटवे येतात. ते सारे पाणी-खत ओढून घेतात. वरचे हापूस उपाशी मरते.

मंडळी, भाताची चूक चार महिन्यांत कळते. पुढच्या पावसात ती सुधारता येते. आंब्याची चूक आठ वर्षांनी कळते. माणसाच्या आयुष्यात अशी आठ वर्षे किती वेळा येतात? म्हणून फळबागेची विद्या आधी शिकावी लागते. चुकत चुकत शिकायला इथे सवड नाही.

ही गोष्ट जाणत्यांनी पूर्वीच ओळखली होती. १८८२ साली महात्मा जोतीराव फुले यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिले. शाळेत शेतीचे ज्ञान द्या, जोडीला लहानसे नमुन्याचे शेत ठेवा, म्हणजे मुलांना प्रत्यक्ष शिकता येईल, असे त्यांनी सुचवले.

शंभर वर्षे गेली. डॉक्टर श्रीनाथ कलबाग हे मुंबईत हिंदुस्थान लिव्हर कंपनीत शास्त्रज्ञ होते. ते नोकरी सोडून पुणे जिल्ह्यातल्या पाबळ गावी गेले. तिथे त्यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम काढला. आठवी ते दहावीच्या मुलांनी आठवड्यातून एक दिवस हाताने काम करून शिकावे, असा अभ्यासक्रम त्यांनी बसवला. त्यात शेती आणि जनावरे आहेत. लोखंडकाम आणि वीजकामही आहे. शिकवायला गावातलेच कसबी लोक. मुली आणि मुलगे दोघेही सगळे शिकतात. राज्याच्या परीक्षा मंडळाने या विषयाला मान्यता दिली. पुढे राज्यातल्या अनेक शाळांनी तो घेतला.

कोणी म्हणेल, "पोराला शाळेत घातलं ते माती उकरायला का? माती तर घरी आहेच!" आम्ही विचारतो, घरी 'असे कर' एवढेच कळते ना? 'असे का?' ते शाळेत कळते. दहा मीटरवर एक आंबा लावला, तर एकरात चाळीस झाडे बसतात. हे गणितच आहे. काडीला पालवी का फुटते? हे शास्त्रच आहे. आणि ही वाट तिथेच संपत नाही. दहावीनंतर कृषी पदविका घेता येते. बारावीनंतर उद्यानविद्येची पदवी आहे. १९७२ साली निघालेल्या दापोलीच्या कृषी विद्यापीठात ती मिळते.

त्या मुलीने आमचे झाड वाया जाऊ दिले नाही. तिच्या गुरुजींनी ते कमरेइतके छाटून घेतले. नवे फुटवे आले, तेव्हा तिने त्यांवर हापूसच्या काड्या बांधल्या. अजून फळ यायचे आहे. आम्ही वाट पाहतो आहोत. गावी गेलो, की आता आधी वाकून सांध्याखाली बघतो.

तुम्ही आता अक्षरे शिकलात. एक वही करा. झाड कधी लावले, कुठून आणले, फुटवे कधी काढले, ते तिच्यात लिहा. आणि एक दिवस शाळेत जा. गुरुजींना म्हणा, "आमच्या पोरांना कलम बांधायला शिकवा. शाळेला जागा नसेल, तर आमच्या शेताचा एक कोपरा घ्या."

राम राम.