जावयाइतकाच सुनेचाही मान



अधिक महिना आला की आपल्याकडे लेक-जावयाला जेवायला बोलावतात आणि वाण देतात. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग ते कुटून गुळात मळायचे, खसखशीवर थापून तुपात तळायचे. असे 33 अनारसे जावयाच्या हाती द्यायचे. जावई विष्णूच्या जागी, लेक लक्ष्मीच्या. मला ही रीत मनापासून आवडते. पण हे अनारसे तळायला चुलीपुढे उभं कोण असतं? बहुतेक घरांत सून. तीही कुणाची तरी लेक, आणि त्याच महिन्यात तिचेही आईवडील तिची नि जावयाची वाट बघत असतात. तिला आधी माहेरी जाऊ द्या. आपलं वाण दोन दिवसांनी दिलं तरी चालतं, अधिक महिना चांगला महिनाभर असतो.

सासू-सासरे झालेल्यांना माझं सांगणं हेच, की जावयाशी वागता तसं सुनेशी वागा. जावई उशिरा उठला तर आपण म्हणतो, दमला असेल. तो रोज आईला फोन करतो, त्याचं आपल्याला कौतुक वाटतं. त्याच्या पगाराचा हिशेब आपण विचारत नाही, त्याच्या खोलीत न विचारता शिरत नाही. एखादी गोष्ट खटकली तरी गिळतो, कारण लेकीचा संसार सुखाचा व्हावा असं वाटतं. मग मुलाच्या संसारासाठी तेवढं का गिळू नये? आणि जावयालाही कधी भाजी निवडायला बसवा. त्याला पाहुणा ठेवलात तर तो घरचा होणार कसा?

सुनेशी असं वागणं अवघड जातं ते वेगळ्याच जागी. रमाबाई रानडे यांचं लग्न 1873 साली झालं. त्यांचे पती न्यायमूर्ती रानडे त्यांना शिकवू लागले आणि घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना ते खपेना. ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या 1910 सालच्या पुस्तकात रमाबाईंनी तो छळ लिहून ठेवला आहे. मला त्या बायका दुष्ट वाटत नाहीत. स्वतःला जे कधी मिळालं नाही, ते सुनेला सहज मिळताना बघणं फार जड जातं. आज मुलगा बायकोला चहा करून देतो तेव्हा आईच्या मनात जे येतं, तेही बरंचसं हेच असतं. ते ओळखावं, आणि त्याची शिक्षा सुनेला देऊ नये.

आणखी एक. आईवडिलांच्या निर्वाहाचा 2007 सालचा कायदा मुलगा, मुलगी आणि नातवंडं यांना ‘अपत्य’ मानतो. त्या व्याख्येत सून नाही. म्हणजे तुमच्या गोळ्यांच्या वेळा ती सांभाळते, दवाखान्यात रांगेला बसते, ते तिच्या मायेनं. तेव्हा तिचं नाव घेऊन तिचे आभार माना, आणि तिचे आईवडील घरी आले की त्यांच्यासमोरही माना.